चार ऋतूंचं पॅकेज

माझी लेक शाळेत तोंड उघडत नाही, या एका काळजीनं माझी झोप उडाली होती. पुढची सगळी फजिती तिथूनच सुरू झाली. काळजी खरी होती बरं का. मुलगी खरी, शाळा खरी, झोप उडालेली मीसुद्धा खरी. खोटा होता तो फक्त हिमालय! आता हिमालय मध्येच कुठून आला, हे सांगायचं तर तुमचा चहा गार होणार. होऊ दे. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी सांगायचं थांबेन, मग बसा रुखरुखत.

तर तेव्हा आम्ही तिकडे डच मुलखात, डीमनला राहायचो. आमच्या खिडकीतून ट्राम दिसायची आणि ट्रामच्या पलीकडे आभाळ. मध्ये काहीही नाही. सपाट म्हणजे किती सपाट? पोळपाटसुद्धा बरा, त्याला निदान पाय तरी असतात. नवरा, मंदार, स्लोटरडाइकच्या एका काचेच्या इमारतीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर. आणि मी मायक्रोबायोलॉजीतली एम.एस्सी., डिपेंडंट व्हिसावर, घरी. पुण्यात जिवाणू वाढवायचे, इथे मुलगी वाढवत होते. जिवाणूंचं एक बरं असतं, वाढले की दिसतात. मुलगी नीट वाढतेय की नाही, हे कुठल्या भिंगाखाली बघायचं?

ईरा पाच वर्षांची. घरी अखंड बडबड. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. जेवताना बोलणार, आंघोळीला बोलणार, दात घासताना फेसासकट बोलणार. आणि शाळेत?

"काही म्हणजे काहीच नाही," यूफ मार्लूस म्हणाल्या. यूफ म्हणजे शाळेतल्या बाई. इथे मुलंही बाईंना नावानंच हाक मारतात आणि पालकही. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी मनातल्या मनात प्रत्येक वेळी एक 'मॅडम' चिकटवायचे.

"सोमवारी आम्ही सगळे वर्तुळात बसतो," यूफ सांगू लागल्या, "आणि सुट्टीत काय केलं ते प्रत्येक मूल सांगतं. ईराची पाळी आली की ती बुटांकडे बघते."

"अजिबात बोलत नाही?"

"एकदा बुटांशी बोलली असावी. ओठ हलले होते."

झालं! इथल्या पालकभेटीला दहा मिनिटं मिळतात, पुढचे पालक दाराशी घोटाळत असतात. त्यामुळे मी छान हसून, 'थँक यू' म्हणून बाहेर आले आणि सायकल स्टँडमागे जाऊन रडले. माझंच चुकलं का? मराठी, डच, इंग्रजी असा तीन भाषांचा काला तिला भरवला म्हणून तर नाही? की मीच लहानपणी गप्प होते, ते गेलं तिच्या अंगात? आईला पुण्याला फोन केला तर आई म्हणाली, "तू गप्प होतीस? कोण म्हणालं?" तेवढाच एक आधार.

आता त्या फोटोंकडे येऊ.

शाळेत 'चार ऋतू' असा विषय चालू होता. वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल. त्यावर पोरं वाळकी पानं आणणार, शिंपले आणणार, पक्ष्याचं पडलेलं पीस आणणार. ज्या दिवशी ईराची आणायची पाळी होती, त्या दिवशी मी ते साफ विसरले. सकाळी बूट घालताना ईरानं आठवण केली आणि भोकाड पसरलं. मंदार एका हातानं टाय सारखा करत, एका हातानं डबा कोंबत म्हणाला, "अगं, ऋतूच ना? ही घे!" आणि त्याने बुटांच्या कपाटावर टांगलेली चार खणांची फ्रेम उचलून तिच्या दप्तरात सारली.

त्या फ्रेममध्ये होते आमच्या हनिमूनचे फोटो. मनालीचे.

म्हणजे माझेच. मंदार एकाही फोटोत नाही, कारण माझी पर्स सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

खरं सांगते, त्या ट्रिपमध्ये आम्ही बर्फापर्यंत पोचलोच नव्हतो. वरचा रस्ता बंद होता. बर्फ म्हणून मी ज्याला हात लावला तो रस्त्याकडेचा ढिगारा गाड्यांच्या धुरानं इतका काळा पडला होता की मला आधी डांबर वाटलं. आम्ही हिरमुसून परत फिरलो, तर वाटेत एक फोटोवाला. मागे ताणून बांधलेला भला मोठा फ्लेक्स, त्यावर पांढराशुभ्र डोंगर. "भाभीजी, निराश क्यों होती हैं? पॅकेज है ना! पहाड़ एक, ड्रेस चार, चारों मौसम!"

मग काय! वसंत: मी, गजऱ्यासह, हातात एक वैतागलेला ससा. उन्हाळा: मी याकवर, गुलाबी छत्री घेऊन. शरद: मी पहाडी वेषात, पाठीला प्लॅस्टिकच्या सफरचंदांची टोपली. आणि हिवाळा: मी भाड्याच्या फरच्या कोटात, खांद्यावर स्की, नजर दूर कुठेतरी. नजर दूर कुठेतरी, कारण तिकडे पुढची बाई माझ्या कोटासाठी थांबली होती.

चारही ऋतू चहा निवायच्या आत संपले. फोटोवाला पट्टीचा कलाकार मात्र होता हो. फ्लेक्स म्हणून ओळखूच येत नाही.

दुपारी शाळा सुटली तर यूफ मार्लूस दारातच उभ्या. डोळ्यांत पाणी.

मी सायकल तशीच टाकली. "काय झालं? पडली का?"

"बोलली!" यूफ म्हणाल्या. "वर्तुळात! फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, 'माझी आई.'"

दोनच शब्द. पण विचार करा, वर्षभर बुटांकडे बघणारी माझी पोर, तिचे वर्गातले पहिले दोन शब्द, 'माझी आई'! मी तिथल्या तिथे विरघळले.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," यूफ पुढे म्हणाल्या. "चारही ऋतू बर्फाच्या डोंगरावर! आणि आम्हाला पत्ताच नाही!"

मागे वळून त्यांनी वर्गात बोट दाखवलं. माझी फ्रेम टेबलाच्या वर, भिंतीच्या मधोमध. खाली मुलांनी रंगवलेली मोठी अक्षरं: ईराच्या आईचा डोंगर.

"नाही हो!" मी म्हणाले. "ते काही खरं नाही. मला डोंगरातलं काही म्हणजे काही येत नाही."

आणि यूफ मार्लूस हसल्या. असं गोड, समजूतदार हसल्या की माझ्या लक्षात आलं, मी मेले.

थांबा, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. तुम्हीच सांगा, आपल्याकडे कुणी 'तुम्ही छान गाता' म्हणालं तर कुणी शहाणी बाई 'हो, गाते' म्हणते का? 'छे हो, मी कुठली गाणारी' असं तीनदा म्हणायचं आणि मग तानपुरा मागायचा, ही आपली रीत. ती मी इमानेइतबारे इथे घेऊन आले होते. शाळेच्या खाऊच्या दिवशी मी म्हणाले होते, "मला स्वयंपाक येत नाही फारसा," आणि सगळ्या शाळेला पुरून उरतील एवढे बटाटेवडे नेले होते. दिवाळीत म्हणाले होते, "माझी चित्रकला यथातथाच," आणि शाळेच्या दारात एवढी मोठी मोराची रांगोळी काढली होती की मुख्याध्यापक दोन दिवस मागच्या दारानं आत गेले.

इथली माणसं सरळ असतात. ईराच्या वर्गातल्या फ्लूरची आई, आनेके, पहिल्याच भेटीत मला म्हणाली होती, "मी स्केटिंग उत्तम करते. केक वाईट करते." आणि केक खरंच वाईट होता. अशा माणसांनी बिचाऱ्यांनी माझा अभ्यास करून एक नियम काढला होता: ही बाई 'येत नाही' म्हणाली की समजायचं, हिचा हात धरणारं कुणी नाही.

आता मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होते, तर ऐकतंय कोण!

"उन्हाळ्याच्या सहलीला आपण डोंगरावर जाणार आहोत," यूफ म्हणाल्या. "तिथे बारा महिने बर्फ असतो. तुम्ही बरोबर या आणि मुलांना दाखवा, बर्फावर कसं उतरतात."

"मला स्कीइंग येत नाही. अहो, खरंच येत नाही. शपथ."

"रांगोळीच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात," यूफ म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "ईराला तुमचा अभिमान वाटतो. ती बोलेल तर त्याच जोरावर बोलेल."

'तो फ्लेक्स आहे' हे शब्द माझ्या जिभेच्या टोकाला होते. खाली ईरा माझं बोट धरून, मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "येते."

घरी आल्यावर मंदारला सांगितलं. तो आधी हसला, मग उठून खिडकीशी जाऊन हसला, मग परत येऊन सोफ्यावर बसून हसला.

"झालं तुझं?"

"अगं पण इथे डोंगर आहे कुठे? आपण समुद्रसपाटीच्या खाली राहतो. तू चढून चढून चढशील आणि पोचशील कुठे? शून्यावर!"

"फ्रेम तू दिलीस."

"पर्सही मीच धरली होती. माझं चुकतंच."

इकडे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पसरली. ईराची आई, हिमालयवाली, सहलीला येणार! दुसऱ्या दिवशी सायकल लावताना ईराच्या वर्गातल्या सेमच्या बाबांनी मला गाठलं. उंच गृहस्थ, गुडघ्याला पट्टा. म्हणाले, आल्प्समध्ये उतरताना गुडघा धरतो, तुम्ही लोक काय करता?

"अहो, मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

ते आदबीनं वाट बघत उभे राहिले. काही केल्या जाईनात. ट्राम निघून गेली. शेवटी मी म्हणाले, "तिळाचं तेल कोमट करून चोळा." माझी आजी सगळ्यालाच तिळाचं तेल सांगायची, परीक्षेच्या ताणालासुद्धा.

नशीब बघा कसं असतं. गुडघा बरा झाला! पट्टा काढून ते गृहस्थ शाळेच्या फाटकाशी मला उकिडवे बसून, उठून दाखवू लागले. त्यानंतर मी 'मला काही कळत नाही' म्हणाले की आजूबाजूचे पालक फोन काढून टिपून घ्यायला सज्ज व्हायचे. आनेकेनं विचारलं, तुमच्या गावी डोंगर आहेत? मी म्हटलं, आहेत ना, रविवारी लोक नाश्त्याच्या आधी चढून येतात. "आणि तू?" "मी? मी अर्ध्यात बसते." आनेके इतरांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? बसते म्हणे!" आणि सगळे कौतुकानं हसले.

सहलीच्या आदल्या दिवशी आईचा फोन. तिला मी 'बर्फाच्या डोंगरावर जातेय' एवढंच सांगून बसले होते.

"कापूर घे रुमालात बांधून. उंचावर श्वास लागतो. आणि कानटोपी. आणि आलेपाक आहे का?"

"आई, अगं उंचावर नाहीये ते. फार तर आपल्या गच्चीच्या काही पट—"

"बर्फ आहे ना? मग उंचावरच असणार. वाद घालू नकोस."

मी एम.एस्सी. आहे हे मी आधी सांगितलं. कापूर घेतला. कानटोपीही घेतली.

जूनमधला लख्ख दिवस. बसमध्ये उन्हाच्या छोट्या टोप्या घालून मांडीवर हातमोजे घेतलेली पोरं. आणि मग तो डोंगर दिसला.

आता या देशानं समुद्र उपसून जमीन केली, त्याला डोंगर करणं काय अवघड? शहराचा वर्षानुवर्षांचा कचरा एका जागी रचला, त्यावर माती, मातीवर गवत, गवतावर मेंढ्या. झाला डोंगर! एका अंगाला वरपासून खालपर्यंत कललेला लांबलचक पत्र्याचा बोगदा, त्याच्या आत बर्फ. बाहेर पायवाटा, सायकलींची वळणं, चाकांच्या घसरगाड्या. वसंतात लोक कोकरं बघायला येतात, शरदात पतंग उडवायला, आणि आत बारा महिने जानेवारी. थोडक्यात, माझ्या फोटोवाल्याचंच पॅकेज, फक्त फ्लेक्सच्या जागी कचरा.

"आधी बाहेरून चढू, मग आत बर्फात," यूफ म्हणाल्या. "ईराची आई पुढे चालेल!"

मी पुढे चालले. पाच वर्षांची पोरं मला डावी-उजवीकडून ओलांडून जाऊ लागली. अर्ध्यावर माझा भाता असा काही चालू लागला की एक मेंढी चरायची थांबली. मी बसकण मारली.

"बघा!" यूफ मार्लूस मुलांना म्हणाल्या. "खरे गिर्यारोहक अर्ध्यावर थांबतात. शरीराला उंचीची सवय होऊ देतात."

सगळा वर्ग माझ्याभोवती बसला. आनेके बसली. मागून येणारं एक अनोळखी वृद्ध जोडपंही, काय आहे ते कळेना, पण बसलं. मी गुपचूप रुमाल काढून कापूर हुंगला तर फ्लूरनं विचारलं, ते काय? मग सगळ्यांना हुंगायचा होता. रांग लागली. प्रत्येक पोर हुंगून डोळे मोठे करायचं आणि म्हणायचं, "हो, आता बरं वाटतंय." वृद्ध आजोबांनी दोनदा हुंगला.

वर पोचलो. वारा सुटला होता. खाली कालव्यांच्या रेघा, घरांची लाल छपरं, हमरस्त्यावरच्या मुंगीएवढ्या गाड्या. खरं सांगते, छान वाटलं. ईरानं माझी करंगळी धरली आणि कुजबुजली, "आई, तुझा डोंगर याच्यापेक्षा उंच आहे ना?"

हीच वेळ होती. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी गुडघ्यावर बसले, तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि म्हणाले, "ईरा, ऐक. आईचा तो डोंगर ना—"

तिच्या डोळ्यांत एवढी चमक होती की काय सांगू.

"—जरासा उंच आहे," मी म्हणाले.

आत गेलो. बाहेर घाम, आत दातखिळी. मला त्यांनी जाड पँट दिली, बूट दिले, हेल्मेट दिलं, डोळ्यांवर मोठाले गॉगल. हेल्मेटखाली माझी कानटोपी आणि तोंडावर मफलर. आरशात पाहिलं तर माझं असं फक्त नाक उरलं होतं. शिकवणाऱ्या बाईंचं नाव पेत्रा. खांदे हे एवढे, आवाज त्याहून मोठा.

"हिमालय?" पेत्रा म्हणाली.

"नाही हो," मी मफलरमधून म्हणाले. "मला काही येत नाही. उभं राहताही येत नाही. मला खाली मुलांबरोबर घसरगाडीत बसवा. कळकळीची विनंती."

यूफनं पेत्राला डोळा मारला. "त्या नेहमी असंच म्हणतात."

"मग लांब स्की देते," पेत्रा म्हणाली.

वर न्यायला एक सरकता पट्टा होता, विमानतळावर बॅगा येतात तसा. मीही बॅगेसारखीच गेले, मागोमाग पेत्रा. वर पोचले, वळले आणि खाली पाहिलं. तो मुलांचा उतार होता, हे मला नंतर कळलं. मला त्या क्षणी तो विहिरीसारखा दिसला. खाली ईराचा वर्ग, लाल घसरगाड्यांत बसून, माना वर करून. त्यांच्या पलीकडे दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची पोरं, त्यांना धरून उतरायला शिकता यावं म्हणून ठेवलेले प्लॅस्टिकचे पेंग्विन आणि सगळ्यात शेवटी कॅफेची मोठी काच. काचेमागे माणसं ॲपल पाय खात होती. यूफ कुठे दिसेनात. एका मुलीला ऐन वेळी शू लागली होती आणि त्या तिचे थरांवर थर असलेले कपडे उतरवायला घेऊन गेल्या होत्या.

परत फिरावं? पट्टा फक्त वरच येत होता. बसावं? स्कीसकट बसायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. खाली ईरानं हात हलवला. छोटासा, कमरेपाशीच, कुणाला दिसू नये असा.

मला स्कीसंबंधी एकच गोष्ट येत होती: पोझ. ती मी दिली. स्की पायाला होत्या, तेव्हा खांद्यावर मी नुसती काठी घेतली, कंबर किंचित वाकडी केली आणि नजर दूर कुठेतरी लावली. खालून वर्गानं टाळ्या वाजवल्या.

पोझ संपायच्या आत मी निघाले.

मी निघायचं ठरवलं नव्हतं. उतारानं ठरवलं. आधी पुढच्या पुढे गेले, मग कशी कोण जाणे, उलटी फिरले आणि पाठमोरी जाऊ लागले. पाठमोरी जाताना एक फायदा असतो, आपण कशावर आदळणार हे दिसत नाही. फक्त वर उभी असलेली पेत्रा लहान लहान होताना दिसत होती आणि तिचा आवाज येत होता, "वा! पाठमोरी! वा!"

मी ओरडत होते. मराठीत. "बाजूला व्हा! अगं आई! अहो, बाजूला व्हा!" पोरांना वाटलं ही हिमालयातली घोषणा. वर्गाच्या रांगेतली पोरं पांगली आणि जाता जाता तीही ओरडली, "अहो! अहो! अहो!" एक मोकळी घसरगाडी माझ्या पायाखाली आली. एक स्की निघून परस्पर वेगळ्या वाटेनं गेली. मी गाडीत बसले, म्हणजे पडले, आणि दुसऱ्या शाळेच्या पोरांमधून सुसाट गेले. कशाला तरी धरावं म्हणून हात पसरले तर मिठीत आला एक पेंग्विन. त्याला घेऊन मी कॅफेच्या काचेपुढच्या जाळीत शिरले.

काचेपलीकडे, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, एक गृहस्थ चमचा तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत होते. मी पेंग्विनच्या वरून त्यांना मान लववली. संस्कार!

कुणीतरी मला जाळीतून सोडवून बर्फात बसवलं. हा त्या दुसऱ्या शाळेचा मास्तर होता, ताडमाड उंच. त्यानं आधी पेंग्विन काढून घेतला, मग विचारलं, "लागलं का?" मी मान हलवली. बोलायला दम नव्हता. पेत्रा अजून वर, माझी हरवलेली स्की शोधत. आनेके रांगेशी उभी होती, पण तिचं हसू असं उसळलं होतं की ती दोन्ही हातांनी पोट धरून नुसती हवेत तोंड उघडझाप करत होती. ती काही माझ्या कामाची नव्हती.

मास्तरानं माझा पुरता गुंडाळलेला अवतार पाहिला. त्याच्या भोवती त्याची पोरं. पलीकडे आमची, गाड्या सोडून धावत आलेली. दोन्ही शाळा मिळून भलं मोठं वर्तुळ झालं आणि मधोमध मी, नाकावर बर्फ.

"मुलांनो," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाला, "या बाई कुणाच्या?"

काचेमागचे चमचेसुद्धा थांबले असावेत.

गर्दीत पुढे ईरा उभी होती. मान खाली. बुटांकडे बघत. घालवलं सगळं! दोन शब्द कसेबसे बाहेर आले होते पोरीचे, तेही आता परत आत जाणार. वर्गासमोर, परक्या शाळेसमोर, ॲपल पाय खाणाऱ्या माणसांसमोर मी तिची मान खाली घालायला लावली. कशाला बोलेल ती आता परत? मी मफलर खाली ओढायला हात वर केला. म्हटलं, जाऊ दे, आपणच कबूल करावं की मी हिची आई.

तेवढ्यात ईरानं मान वर केली. एक पाऊल पुढे आली. दाराशी यूफ मार्लूस नुकत्याच परतल्या होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. माझी लेक दोन शाळांच्या मधोमध उभी राहून, कुठेही न अडखळता, सुरेख डचमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत पूर्ण वाक्य बोलली. एक नाही, दोन.

"ही कुणाचीच नाहीये. ही बसमध्ये आधीपासूनच होती."